एका पूर्वजाचीं दोन लग्नें
इटलींतील जुन्या दप्तरांच्या वाचनाची हकीकत

जुबिलीच्या वर्षीं मंडळीचें लक्ष सहजच मागें वळतें. देवळाचा पाया केव्हां घातला गेला, पहिले धर्मगुरु कोण, आपले आजे-पणजे कोणत्या घरांतून या वेदीपुढें लग्नास उभे राहिले, असे प्रश्न एरवीं कोणी विचारीत नाहीं. ते अशा प्रसंगीं घरोघर निघतात. त्यांचीं उत्तरें बहुधा देवळाच्या कपाटांतील तीन जाड पुस्तकांत असतात: बाप्तिस्म्याचें, लग्नाचें व मृतांचें. हीं पुस्तकें किती बोलतात, आणि घाईनें वाचल्यास केवढा अनर्थ करितात, हें आम्हांस प्रथम इटलींत कळलें. ती हकीकत जुबिलीच्या अंकांत सांगणें अस्थानीं होणार नाहीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आम्ही रोम येथें अध्ययनासाठीं असतांना रविवारीं एका वृद्ध इटालियन गृहस्थांच्या घरीं जेवावयास जात असूं. त्यांचें मूळ गांव दक्षिणेस, बाझिलिकाता प्रांताच्या डोंगरांत. त्या गांवांत त्यांच्या आडनांवाचीं दोन घराणीं होतीं. मूळ पुरुष एकच; परंतु एक घराणें त्याच्या पहिल्या पत्नीचें व दुसरें दुसऱ्या पत्नीचें. पिढ्या लोटल्या तरी या दोन घरांत जाणेंयेणें नव्हतें. कारण असें सांगत कीं, पहिली पत्नी जिवंत असतांच त्या पुरुषानें दुसरीशीं लग्न लाविलें. याला पुरावा म्हणून एका नातलगानें फार वर्षांपूर्वीं दप्तरांतून उतरून घेतलेला एक कागद दाखवीत. त्यांत पहिलीचा मृत्यु ऑगस्ट महिन्यांत, आणि दुसरें लग्न त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत, असें स्पष्ट लिहिलें होतें.

आमचे यजमान दुसऱ्या पत्नीच्या वंशांतले. लहानपणीं गांवच्या सणाला दुसऱ्या घरचीं मुलें आपल्याला काय म्हणून हिणवीत, हें ते ऐंशीव्या वर्षींही विसरले नव्हते. एके दिवशीं जेवण झाल्यावर त्यांनीं तो कागद आमच्यापुढें ठेविला व विचारिलें, "फादर, तुम्हांला जुनें लॅटिन वाचतां येतें. हें खरें आहे काय, तेवढें सांगा."

कागद पाहतांच आम्हांस एक शंका आली. इटलींत त्या काळीं लग्न हें चोरून होण्यासारखें काम नव्हतें. जर खरोखर पहिली जिवंत असतां दुसरें लग्न नोंदलें गेलें असेल, तर गांवचा अधिकारी, धर्मगुरु व साक्षीदार हे सर्वच लबाडींत सामील असले पाहिजेत. एका गरीब शेतमजुरासाठीं इतकीं माणसें खोटें लिहितील, हें संभवनीय दिसेना. तेव्हां मूळ नोंद पाहिल्याशिवाय कांहींच बोलावयाचें नाहीं, असें आम्हीं ठरविलें.

येथें त्या नोंदींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ख्रिस्तसभेचीं पुस्तकें जुनीं. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा नियम घातला कीं, लग्न आपल्या धर्मगुरुपुढें व साक्षीदारांपुढें झालें पाहिजे, आणि त्याची नोंद पुस्तकांत ठेविली पाहिजे. पुढें १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें या नोंदींचे नमुनेच घालून दिले. सरकारी नोंदी याहून बऱ्याच उशिरा आल्या. नापोलीच्या राज्यांत नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा हा राजा असतां, १८०९ सालापासून जन्म, लग्न व मृत्यु यांची सरकारी नोंद सुरू झाली. म्युरा गेला, बुर्बों राजे परत आले. परंतु त्यांनीं ही पद्धत मोडिली नाहीं. सिसिली बेटांत ती १८२० पासून लागू झाली. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती होत. एक गांवीं राही व दुसरी न्यायकचेरीकडे जाई. या दुसऱ्या प्रती आज बहुतेक ठिकाणीं प्रांतोप्रांतींच्या राज्य दप्तरखान्यांत आहेत. इटलीच्या दप्तरखात्यानें २०११ सालापासून 'अंतेनाती', म्हणजे 'पूर्वज', या नांवाच्या संकेतस्थळावर अशा पुष्कळ पुस्तकांचीं छायाचित्रें विनामूल्य पाहावयास ठेविलीं आहेत.

बुर्बों राजांच्या १८१९ सालच्या कायद्यानें एक विशेष ठरविलें. लग्न कायदेशीर व्हावयाचें तर तें ख्रिस्तसभेपुढें, त्रेंतच्या विधीप्रमाणेंच झालें पाहिजे. म्हणून सरकारी पुस्तकांतील नोंद ही लग्नाची नसून लग्नाच्या 'गंभीर वचनाची' असे. पान उभें दुभागलेलें. डाव्या बाजूस वधूवरांनीं अधिकाऱ्यापुढें दिलेलें वचन. उजव्या बाजूस, देवळांत लग्न लागल्याचें धर्मगुरूंनीं कळविल्यावर भरलेली तारीख. एकाच लग्नाच्या या दोन तारखा. ज्यानें डावी बाजू वाचली आणि उजवी वाचली नाहीं, त्यानें अर्धीच नोंद वाचली.

आतां वाचनाच्या अडचणी. छापील मजकुरांत मोकळ्या जागा सोडिलेल्या असत, त्या कारकून बोरूनें किंवा पिसाच्या लेखणीनें भरी. जोड 'स' हा 'फ'सारखा दिसे. 'न' आणि 'उ' यांचा भेद राहत नसे. यावर उपाय एकच. जे शब्द प्रत्येक नोंदींत येतात व जे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांवरून त्या कारकुनाचीं अक्षरें ओळखावयाचीं, त्यांचा एक तक्ता करावयाचा, आणि मग तोच तक्ता अनोळखी शब्दांस लावावयाचा. आम्हीं त्या गांवचें एक संपूर्ण वर्ष अशा रीतीनें वाचून काढिलें. पहिलीं चार पानें वाचावयास दोन संध्याकाळ लागल्या. पुढचीं चाळीस एका दिवसांत झालीं.

अक्षर लागलें म्हणजे दोनदोन अक्षरांच्या शब्दांत केवढा अर्थ भरला आहे, हें दिसूं लागतें. बापाच्या नांवाआधीं 'दी' असेल तर तो हयात. 'फू' असेल तर तो वारला. मुलाच्या एका नोंदींत 'दी' व पुढच्या नोंदींत 'फू' आलें, कीं मधल्या वर्षांत बापाची मृत्युनोंद शोधावी. 'चेलिबे' म्हणजे अविवाहित पुरुष, 'नूबिले' म्हणजे अविवाहित स्त्री; 'वेदोवो' म्हणजे विधुर, आणि त्यापुढें मेलेल्या पत्नीचें नांव. इटालियन दप्तरांत स्त्री लग्नानंतरही माहेरच्याच आडनांवानें लिहिली जाते. जन्मापासून मृत्यूपर्यंत तिचें नांव बदलत नाहीं. पूर्वजाच्या दोन पत्नींचा माग काढणाऱ्यास याहून मोठें साहाय्य नाहीं.

उलट एक मोठा धोकाही आहे. दक्षिणेकडे पहिल्या मुलास बापाच्या बापाचें व पहिल्या मुलीस बापाच्या आईचें नांव देण्याची रीत. चार भाऊ असले तर चौघांच्याही घरीं एकाच नांवाचा मुलगा. म्हणून केवळ नांव जुळलें म्हणजे माणूस सांपडला असें समजूं नये. बाप, आई, वय व धंदा हीं चारही जुळलीं पाहिजेत.

अशा तयारीनें आम्हीं त्या लग्नाचें पान उघडिलें. नांवें जुळलीं, आईबाप जुळले. वर 'वेदोवो' लिहिलेला, आणि त्यापुढें पहिल्या पत्नीचें नांव. म्हणजे अधिकाऱ्याच्या मतें ती त्या दिवशीं हयात नव्हती. मग महिना? महिन्याच्या जागीं कारकुनानें सात हा आंकडा काढून त्यापुढें बारीक अक्षरांत 'ब्रे' एवढेंच लिहिलें होतें. उतारा करणाऱ्या नातलगानें सात म्हणजे सातवा महिना, अर्थात् जुलै, असें समजून तसें उतरून घेतलें.

येथेंच सारी चूक होती. लॅटिनांत 'सेप्तेम' म्हणजे सात, 'ओक्तो' म्हणजे आठ, 'नोवेम' म्हणजे नऊ व 'देचेम' म्हणजे दहा. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून मोजीत, म्हणून सप्टेंबर हा त्यांचा सातवा महिना होता. वर्षारंभ पुढें जानेवारींत आला तरी नांवें तींच राहिलीं. इटालियन कारकून याच नांवांचा संक्षेप करीत: सातापुढें 'ब्रे' म्हणजे सप्टेंबर, आठापुढें 'ब्रे' म्हणजे ऑक्टोबर, नवापुढें नोव्हेंबर, आणि रोमन दहाच्या चिन्हापुढें डिसेंबर. तेव्हां तें वचन जुलैंतलें नसून सप्टेंबरांतलें. पहिलीच्या मृत्यूच्या आधींचें नसून नंतरचें. आम्ही पानाच्या उजव्या बाजूस वळलों. तेथें दुसऱ्याच हातानें देवळांतील लग्नाची तारीख लिहिलेली होती, आणि तींत 'सेत्तेंब्रे' हा शब्द पुरा, ठळक अक्षरांत होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराला उत्तर त्याच पानावर, चार बोटांच्या अंतरावर पडून होतें. कोणीं तिकडे पाहिलें नव्हतें एवढेंच.

तथापि एका शब्दावर निकाल देणें बरें नव्हे. प्रत्येक लग्नाबरोबर अधिकाऱ्याकडे कागदांचा एक जुडगा दाखल करावा लागे. त्यास 'अल्लेगाती', म्हणजे जोडपत्रें, म्हणतात. त्यांत वधूवरांच्या जन्माचे उतारे, लग्नाच्या घोषणा झाल्याचा दाखला, आणि विधुर किंवा विधवा असल्यास पूर्वीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा उतारा असे. बाप वारला असेल तर त्याच्या मृत्यूचा, आणि कित्येकदां आजोबाच्याही मृत्यूचा उतारा लागे. कारण संमति देणारें वडील माणूस कोण उरलें, हें दाखवावें लागे. एक जुडगा हातीं लागला कीं तीन पिढ्या एकदम सांपडतात. प्रांताच्या दप्तरखान्यांत तो जुडगा दोऱ्यानें बांधलेला, आहे तसा होता. त्यांत पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा उतारा निघाला. महिना ऑगस्टच.

मग दुसरा प्रश्न पुढें आला. ऑगस्टांत पत्नी वारली आणि सप्टेंबर संपण्यापूर्वीं दुसरें लग्न, ही घाई कां? विधवेला पुनर्विवाहासाठीं दहा महिने थांबावें लागे. विधुराला असें बंधन नव्हतें. म्हणून कायद्याचा दोष नव्हता. परंतु कायद्याचा दोष नसला म्हणजे माणसाचा नसतो असें नाहीं. उत्तर जन्माच्या पुस्तकांत मिळालें. पहिली पत्नी वारली त्याच्या अवघे कांहीं दिवस आधीं तिला मुलगा झाला होता. घरांत आणखी दोन लहान मुलें, आई नाहीं, बाप पहांटे दुसऱ्याच्या शेतावर जाणारा. दुसरी वधूही विधवा होती. तिच्या पतीच्या मृत्यूचा उतारा जुडग्यांत होता, व त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला होता. त्या दोघांत प्रेम होतें कीं केवळ गरज होती, हें दप्तर सांगत नाहीं. आणि जें दप्तर सांगत नाहीं तें आपण सांगूं नये.

परंतु दप्तरानें आणखी एक गोष्ट सांगितली. तो अर्भक मुलगा जगला. मोठा होऊन त्यानें लग्न केलें. त्याच्या पहिल्या मुलीला त्यानें रीतीप्रमाणें आपल्या मृत आईचें नांव दिलें. दुसरी मुलगी झाली, तेव्हां रीत पाहतां तिला पत्नीच्या आईचें नांव मिळावयाचें. त्यानें तें न देतां आपल्या सावत्र आईचें नांव दिलें. आणि जें घराणें त्या सावत्र आईचें नांव घेत नसे, तें सारें या मुलाच्याच वंशांतलें. जिनें त्यांच्या मूळ पुरुषाला वाढविलें, तिलाच तीं माणसें दोष देत आलीं होतीं.

हें सर्व आम्हीं यजमानांस वाचून दाखविलें. ते पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "माझा बाप हें ऐकावयास पाहिजे होता." त्या वर्षीं ते गांवीं गेले व सर्व उतारे दुसऱ्या घरच्या वडील माणसांपुढें ठेविले. लगेच सारें गोड झालें असें नाहीं; तरुणांस जुन्या भांडणाचें कारणच ठाऊक नव्हतें, आणि म्हाताऱ्यांस तें सोडवत नव्हतें. परंतु २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशीं, गांवच्या देवळांत एक मिस्सा अर्पण झाली, व तींत त्या दोन्ही स्त्रियांचीं नांवें एकामागून एक वाचलीं गेलीं. दोन्ही घरचीं माणसें हजर होतीं.

असे घोटाळे गरिबांच्याच बाबतींत होतात असें वाचकांनीं समजूं नये. प्रख्यात संगीतकार जुसेप्पे वेर्दी यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ते १८१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पार्मा प्रदेशांतील ले रोंकोले या खेड्यांत जन्मले. तो मुलूख तेव्हां फ्रेंच साम्राज्यांत होता. म्हणून इटालियन बापाच्या इटालियन मुलाची सरकारी नोंद फ्रेंच भाषेंत झाली, व जुसेप्पेचा 'जोझेफ' झाला. देवळाच्या पुस्तकांत तेंच नांव लॅटिनांत आहे. सरकारी नोंद जन्म १० तारखेचा म्हणते. वेर्दी स्वतः आपला वाढदिवस ९ तारखेस पाळीत. बाप्तिस्म्याच्या ११ तारखेच्या नोंदींत 'काल जन्मलेला' असें आहे. पण जुन्या इटलींत दिवस मध्यरात्रीं न बदलतां सायंकाळीं, आवे मारियेच्या घंटेच्या सुमारास बदले व तेथून तास मोजीत. त्यामुळें 'काल' याचा अर्थ आपल्या मोजणीनें ९ तारीख कीं १० तारीख, यावर विद्वानांत चर्चा झाली आहे. जुन्या नोंदींत 'रात्रीचे दोन' असें आढळल्यास तें सूर्यास्तानंतरचे दोन तास होत, हें ध्यानांत ठेवावें.

वेर्दींचीं लग्नेंही दोन. पहिलें मार्गेरिता बारेझ्झी यांच्याशीं, ४ मे १८३६ रोजीं बुस्सेतो येथें. दोन अपत्यें एकामागून एक गेलीं, आणि १८ जून १८४० रोजीं मार्गेरिताही मिलान येथें वारल्या. दुसरें लग्न गायिका जुसेप्पिना स्त्रेप्पोनी यांच्याशीं. हीं दोघें लग्नाविना एकत्र राहत असल्यानें बुस्सेतोंत बराच बोभाटा झाला होता. या लग्नाची नोंद बुस्सेतोंत शोधणाऱ्यास ती कधींच सांपडणार नाहीं. तें २९ ऑगस्ट १८५९ रोजीं साव्हॉय प्रांतांत, जिनीव्हाजवळच्या कोलोंज या खेड्यांत, पुढें कार्डिनल झालेले धर्मगुरु मेर्मियो यांच्या हस्ते लागलें; साक्षीदार कोण, तर गाडीवान व देवळाचा घंटा वाजविणारा. पुढच्याच वर्षीं साव्हॉय फ्रान्सकडे गेला. म्हणजे शोधणाऱ्यानें माणसाचें गांव पाहून भागत नाहीं; राज्यांच्या सीमा कोठें व केव्हां हलल्या, हेंही पाहावें लागतें.

१८६६ नंतरच्या नोंदी वाचतांना तर आम्हां कॅथलिकांस विशेष सावध राहिलें पाहिजे. त्या वर्षाच्या आरंभीं एकीकृत इटलीचा नवा कायदा अमलांत आला, व सरकारी कचेरींतील लग्न तेवढें कायदेशीर ठरलें. देवळांतील साक्रामेंताला कायद्यापुढें किंमत उरली नाहीं. कित्येक जोडपीं दोन्हीकडे गेलीं. कित्येकांनीं देवळांतच लग्न लाविलें व कचेरीकडे पाठ फिरविली. अशांच्या मुलांची नोंद सरकारी पुस्तकांत 'नैसर्गिक संबंधापासून झालेलें मूल' अशी होई, आणि पुष्कळदां आईचें नांवही लिहीत नसत. नातवंडें तें वाचून शरमेनें मान खालीं घालितात. त्यांनीं देवळाचें लग्नपुस्तक उघडावें. बहुधा तेथें आजी-आजोबांचें लग्न पुऱ्या विधीनें लागलेलें आढळेल. कित्येक जोडप्यांनीं पुढें मुलांच्या हितासाठीं कचेरींतही लग्न केलें. तेव्हां त्याच दोघांचें लग्न दोन पुस्तकांत, दोन निरनिराळ्या वर्षीं दिसतें. हीं दोन लग्नें नव्हेत, एकच. हा दुभंग ११ फेब्रुवारी १९२९ च्या लातेरान करारानंतर मिटला व देवळांतील लग्नास कायद्याची मान्यता मिळाली.

या सर्वांत आपल्या मंडळीला घेण्यासारखें काय? आपल्या देवळांतील पुस्तकें त्याच त्रेंतच्या नियमाचीं लेंकरें आहेत. त्यांतही जुनें अक्षर आहे, संक्षेप आहेत, एकाच नांवाचे अनेक जण आहेत. १९०८ सालीं अमलांत आलेल्या पोप दहावे पायस यांच्या नियमानें लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या पुस्तकाच्या समासांतही करावयाची असते. म्हणून पूर्वजाचें लग्न कोठें लागलें हें ठाऊक नसल्यास त्याच्या बाप्तिस्म्याचें पान आधीं पाहावें. घरांतील वृद्धांनीं सांगितलेलें लिहून ठेवावें, पण तें मूळ नोंदीशीं ताडून पाहिल्यावांचून कोणाच्या माथीं मारूं नये. उतारा करणाऱ्यानें जसें दिसतें तसेंच उतरावें, आपला अर्थ निराळा लिहावा. त्या नातलगानें सात व 'ब्रे' एवढेंच प्रामाणिकपणें उतरून ठेविलें असतें, तर दोन घरांचें अन्न एकमेकांस वर्ज्य झालें नसतें.

आणि पुस्तकें जपावीं. वाळवी व ओल यांपुढें शाई फार दिवस टिकत नाहीं. आपल्या पूर्वजांपैकीं बहुतेकांनीं या जगांत मागें ठेविलेली लेखी खूण म्हणजे त्या पुस्तकांतील दोन-चार ओळी. मृतांसाठीं प्रार्थना करणें हा आपला धर्म आहे. त्यांच्याविषयीं खोटें न बोलणें हाही त्याच धर्माचा भाग आहे. या जुबिलीच्या वर्षीं आपण देवळाच्या भिंतींना नवा रंग दिला. आतां कपाटांतील पुस्तकांकडेही मंडळीनें लक्ष पुरवावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.